धुरंधरांची नवी शेगडी

गल्लीतले लोक त्यांना धुरंधर म्हणायचे. त्यात कौतुक किती आणि तक्रार किती, हे म्हणणाऱ्याच्या घराची खिडकी कुठल्या बाजूला उघडते त्यावर ठरायचं. वारा घरामागच्या रस्त्याकडे वळला की तिथल्या बायका दोरीवरचे कपडे काढून घ्यायच्या, आणि तासाभराने त्यांच्यातलीच एखादी झाकणाचा डबा घेऊन दारात उभी राहायची. डबा रिकामा परत गेलाय असं कधी झालं नाही.

ते कारखान्यात टर्नर होते. चौतीस वर्षं लेथवर काढली. लोखंड कापताना सुरीचा आवाज बदलला की मशीनकडे न बघता ते सांगायचे, धार गेली. मागच्या अंगणातली भट्टीही त्यांनीच केलेली होती: तेलाचा जुना पिंप आडवा कापून त्याला बिजागरीचं दार लावलेलं, वर धुराडं, आणि हवा कमीजास्त करायला एक झडप, जिच्या स्क्रूचे आटे त्यांनी स्वतः पाडले होते. त्या पिंपात लाकडाच्या मंद आचेवर ते माशांना धुरी द्यायचे, कोंबडी भाजायचे, कांदे आणि बटाटे राखेत पुरायचे. आठवड्यातून चार दिवस घरचं जेवण अंगणातून यायचं.

पुरुषमाणूस एवढा चुलीशी कसा रमला, याचं उत्तर सोपं होतं. बायको टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर, तीही संध्याकाळच्या पाळीला. घरात दोन उपाशी जीव: एक स्वतः, दुसरा चार वर्षांचा मुलगा. पहिले सहा महिने दोघांनी बाहेरून काळं आणि आतून कच्चं असं पुष्कळ काही खाल्लं. मग माणूस हट्टाला पेटला. लेथ जमते तर बटाटा का जमू नये, एवढाच त्यांचा मुद्दा होता.

सून या घरात आली तेव्हा तो मुलगा तिशीचा झाला होता आणि बटाटा केव्हाच जमला होता. सून ड्रायव्हिंग शिकवायची. तिच्या गाडीत शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक होता, आणि दिवसभर त्यावर पाय ठेवून बसायची तिला इतकी सवय होती, की सिनेमा बघतानासुद्धा तिचा उजवा पाय मधूनच जमीन दाबायचा. बाळंतपणानंतर तिला अन्नाचा वासही नकोसा झाला होता. तेव्हा सासऱ्यांनी दहा दिवस दहा तऱ्हेचं करून बघितलं आणि अकराव्या दिवशी धुरावलेल्या मक्याच्या दाण्यांचं पातळ सूप तिच्यापुढे ठेवलं. ते तिने प्यायलं. त्यावर ते एवढंच म्हणाले, "हं. म्हणजे मका." आणि पुढचा महिनाभर मका केला. त्या दिवसापासून ती त्यांना तोंडदेखलं नाही, मनापासून बाबा म्हणू लागली.

त्यांचे डोळे जातायत, हे सगळ्यांत आधी तिच्या लक्षात आलं.

एका संध्याकाळी सगळे जेवायला बसले होते. बाबांनी नेहमीच्या ऐटीत कोंबडी कापून वाढली. सुनेने आपल्या ताटातला तुकडा उलटला तर हाडाशी गुलाबी, चक्क कच्चा. नातीचं ताट तिने पटकन ओढून घेतलं, "फार गरम आहे" असं काहीतरी पुटपुटत सगळे तुकडे आत नेऊन ओव्हनमध्ये घातले.  ज्या माणसाने आयुष्यात कधी ओव्हनमध्ये घातलेलं स्वतःचं जेवण निमूटपणे खाल्लं नसतं, तो त्या रात्री खाली मान घालून जेवला.

पुढच्याच आठवड्यात त्यांच्या हाताला कोपरापर्यंत भाजलं. पिंपाचं दार उघडंच होतं, त्यांना ते मिटलेलं वाटलं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, की नजरेचा मधला भाग गेलाय, कडेचं अजून दिसतंय. माणूस समोर उभा राहिला तर त्याचे खांदे दिसतील, चेहरा नाही. गेलेलं परत येणार नाही, आणि उरलेलंही हळूहळू कमी होईल.

"केव्हापासून आहे हे?" मुलाने गाडीत विचारलं.

"झालं असेल वर्ष," बाबा म्हणाले.

"वर्ष? आणि तुम्ही वर्षभर आगीशी खेळत होतात?"

"धुराचा रंग दिसेना झाला तेव्हा कळलं. पातळ निळसर असला की चांगला, दाट पांढरा म्हणजे लाकूड नीट जळत नाही. मला सगळाच धूर सारखा दिसायला लागला. मग वासावर चालवलं."

मुलगा वाईट नव्हता, घाबरला होता. घाबरलेला माणूस हुकूम सोडतो, तसे त्यानेही सोडले. पिंपावर ताडपत्री आली, लाकडं शेजाऱ्याला गेली. बाबांनी वाद घातला नाही, आणि तेच सुनेला जास्त लागलं. ते मागच्या दाराशी खुर्ची टाकून बसायचे. जेवायला हाक मारली की यायचे, वाढलेलं खायचे, चांगलं झालंय म्हणायचे. सासूबाई एकदा भांडी पुसता पुसता सुनेला म्हणाल्या, "चाळीस वर्षांत या माणसाने माझ्या आमटीला चांगली म्हटलं नाही. आता रोज म्हणतात. मला भीती वाटते गं."

पेलेटच्या शेगडीचं नाव सुनेने ऐकलं ते तिच्याकडे गाडी शिकणाऱ्या एका गृहस्थाकडून. चौथा गिअर टाकता टाकता तो सांगत होता. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या पेन्सिलीच्या तुकड्यांएवढ्या गोळ्या, त्यांना पेलेट म्हणतात. त्या एका पेटीत भरायच्या. आत एक मळसूत्री दांडा फिरतो, तो लागतील तेवढ्याच गोळ्या आगीत ढकलतो, छोटा पंखा वारा घालतो, आणि ठरवून दिलेली उष्णता शेगडी आपली आपणच धरून ठेवते. खरं लाकूड, खरा धूर, पण ज्वाळेत हात घालायला नको. सुनेने त्याला गाडी कडेला घ्यायला सांगितली आणि सगळं पुन्हा एकदा विचारून घेतलं.

घरी तिने विषय काढला तेव्हा बाबा खुर्चीतून हललेही नाहीत. "लाकूड घालणार स्क्रू, वारा घालणार पंखा. मग मी काय करणार?"

"तुम्ही स्वयंपाक कराल," सून म्हणाली.

"दुधाची तहान ताकावर."

"अहो, सध्या तुम्ही नुसत्या पाण्यावर आहात," सासूबाई आतून म्हणाल्या. "ताक काय वाईट आहे?"

 बाबा म्हणाले, "बघून यायला हरकत नाही." बघून हा शब्द त्यांच्या तोंडून सहज गेला, आणि कोणीच त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

पहिल्या दुकानात विक्रेत्याने सगळ्यांत मोठी शेगडी दाखवली. तिच्यावर काचेचा पडदा होता आणि बोट लावलं की चित्रं हलायची. "आजोबा, ही फोनवरून चालते. तुम्ही घरात बसून उष्णता कमीजास्त करायची."

"म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या," बाबा म्हणाले. त्यांनी काचेवरून बोट फिरवलं. सगळीकडे सारखीच गुळगुळीत. "यातलं मला काही कळणार नाही. मला दिसत नाही."

विक्रेता चपापला, मग म्हणाला, "काळजीच नको. ही सगळं स्वतःच करते. तुम्ही फक्त बसायचं."

"बसायला घरी खुर्ची आहे," बाबा म्हणाले आणि वळले.

सुनेला वाटलं, आटोपलं. पण गाडीत बसल्यावर त्यांनी स्वतःच विचारलं, "दुसरं दुकान किती लांब आहे?"

दुसरं दुकान लहान होतं, आणि तिथल्या बाई घाईत नव्हत्या. त्यांच्याकडे तीन शेगड्या मांडलेल्या होत्या. बाबांनी पहिलीचं झाकण उचललं, सोडलं, टिचकी मारली. पत्रा डब्यासारखा वाजला. "वारा सुटला की ही थंड पडणार," ते म्हणाले आणि पुढे सरकले. दुसरीचं झाकण जड होतं, कडेने काचेच्या धाग्याची दोरी बसवलेली. त्यांनी कडेवरून सगळीकडे बोट फिरवलं, कुठे फट राहते का ते चाचपलं. तिसरीचंही तसंच. मग प्रश्न सुरू झाले. गोळ्या संपवायच्या असतील तर पेटी रिकामी कुठून करायची? राख कुठून काढायची, की दर वेळी सगळं उलगडत बसायचं? चरबी गळते ती कुठे साठते? दांड्याची मोटर गेली तर सुटी मिळते का, की अख्खी शेगडी तुमच्याकडे आणायची?

बाईंना निम्मी उत्तरं माहीत होती. उरलेल्या निम्म्यांसाठी त्यांनी आतून माहितीपुस्तक आणलं आणि सुनेने ते मोठ्याने वाचलं.

"पेटवून दाखवाल का?" शेवटी बाबांनी विचारलं.

बाईंनी उरलेल्या दोन्ही शेगड्या दुकानामागच्या मोकळ्या जागेत ढकलत नेल्या, वायर जोडली, पेटवल्या. बाबा मधोमध उभे राहिले, डोळे मिटून. सुनेला फक्त घरघर ऐकू येत होती. पंधरा मिनिटांनी ते एकीकडे बोट करून म्हणाले, "हिचा दांडा अडखळतोय. गोळ्या एकदम पडतात, मग बराच वेळ पडतच नाहीत. म्हणजे आच वरखाली होत असणार." बाईंनी पडद्यावरचे आकडे बघितले. होत होती.

मग त्यांनी सुनेला ब्रेड आणायला पाठवलं. दोन मोठी पाकिटं.

दोन्ही शेगड्यांची जाळी त्यांनी ब्रेडच्या स्लाइसनी भरून टाकली, कडेला कड लावून, आणि झाकणं मिटली. वीस मिनिटांनी उघडल्यावर ते एकेक स्लाइस बोटांनी मोडू लागले. "ही कडक. ही पण. ही मऊ. ही जळाली, कोपऱ्यात आच जास्त आहे." हाताच्या काकणाला आरसा कशाला, असं म्हणतात. इथे तर आरशाचा उपयोगच नव्हता, आणि गरजही पडली नाही. एका शेगडीवर डावीकडचं जळालं होतं आणि उजवीकडचं ओलं. दुसरीवर एक कोपरा सोडला तर सगळं एकसारखं. दुकानाच्या बाई हाताची घडी घालून बघत होत्या. "अकरा वर्षं विकतेय," त्या सुनेला हळूच म्हणाल्या, "असं कोणी करून बघितलं नाही."

एकसारखी भाजणारी शेगडी मधल्या आकाराची होती. पण तिचं बटण गोल गोल कितीही फिरायचं, त्याला सुरुवात नाही, शेवट नाही. आकडा काय झाला ते पडद्यावरच कळायचं. सुनेचा चेहरा उतरला. बाबा मात्र बटणाशी खेळतच राहिले.

"हे खटके देतंय," ते म्हणाले. "बारीक आहेत, पण आहेत. एका खटक्याला किती अंश?"

बाईंना ठाऊक नव्हतं. सून पडद्याशी वाकली. "पाच."

"बंद करून परत सुरू कर. आता किती?"

"ऐंशी."

"परत कर."

"ऐंशीच."

"म्हणजे सुरुवात आहे की हिला," बाबा म्हणाले. त्यांनी बटण फिरवलं, ओठ किंचित हलत होते. सहा खटके. "एकशेदहा?"

"एकशेदहा," सून म्हणाली. 

शेगडी घरी आली. मुलगा दोन दिवस तिच्याकडे पाठ करून फिरला. तिसऱ्या दिवशी बाबा ती पेटवायला उठले तेव्हा तो कामावर होता, सून घरी. ती अंगणाच्या पायरीवर उभी राहिली. बाबांनी पेटीत हात घालून गोळ्यांची पातळी बघितली, कळ दाबली, खटके मोजले. झाकणाची कड शोधताना त्यांचा हात हवेतच अडकला, मग उजवीकडे गेला, मग परत आला. सुनेचा पाय पायरीवर घट्ट दाबला गेला होता. तिच्या धंद्यात सगळ्यांत अवघड हेच असतं: विद्यार्थी चुकतोय असं दिसतंय, पण अजून चुकलेला नाही. तेव्हा ब्रेक दाबला तर त्याला गाडी कधीच येत नाही. ती जागची हलली नाही. बाबांच्या हाताला कड सापडली.

मांस आतून शिजलंय की नाही, हे कळायला सुनेने बोलणारा थर्मामीटर आणला. सुई टोचली की एक बाई खणखणीत आवाजात आकडा सांगायची. बाबांना तो मुळीच आवडला नाही. "ही फार बोलते."

"तिचं निदान ऐकता तरी," सासूबाई म्हणाल्या. "मी तीस वर्षं टेलिफोनवर बोलले, तर लोक मला धन्यवाद म्हणायचे. घरी कोणी म्हटलं नाही."

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. दुसऱ्या महिन्यात पेटीचं झाकण कोणाकडून तरी उघडं राहिलं, आत पावसाचं पाणी गेलं, आणि गोळ्या फुगून त्यांचा पुन्हा भुसा झाला. दांडा जाम. मुलाला तोंड उघडायला निमित्तच मिळालं. "सांगत होतो मी. आता बोलवा मेकॅनिकला."

 बाबांनी आतून दोन ताटं मागवली, पाने आणि पेचकस घेतले, आणि अंगणात मांडी घालून बसले. निघालेला प्रत्येक स्क्रू, प्रत्येक चकती त्यांनी ताटात डावीकडून उजवीकडे ओळीने मांडली. मुलगा थोडा वेळ लांबून बघत होता. मग जवळ आला, टॉर्च लावून धरला.

"उजेड कोणासाठी?" बाबांनी विचारलं.

मुलगा ओशाळला. "सवयीने."

"धर, धर. तुला दिसलं पाहिजे. पुढच्या वेळी तूच करशील."

दांडा बाहेर आला तेव्हा तो सिमेंटसारख्या घट्ट भुशाने भरला होता. बाबांनी एकेक आटा नखाने कोरून साफ केला, दांडा तळहातावर घोळवून वाकलाय का ते पाहिलं, आणि उलट्या क्रमाने सगळं पुन्हा बसवलं. शेवटी ताटात काहीच उरलं नाही. मुलाने ताटावरून हात फिरवून खात्री केली. पेटवल्यावर घरघर सुरू झाली, तेव्हा बाबांनी कान लावला आणि मान हलवली. मुलाने टॉर्च विझवला. मग म्हणाला, "बाबा, मी तुमची लाकडं द्यायला नको होती."

"मी कच्ची कोंबडी वाढायला नको होती," बाबा म्हणाले. "माझी नात जेवत होती. त्या आधीच मी सांगायला हवं होतं."

हे ते कोणाजवळ पहिल्यांदाच बोलले. दारात उभी असलेली सून तशीच मागे फिरली.

पेलेटचा धूर पिंपाच्या धुराएवढा दाट नसतो, हे बाबांनी कधी लपवलं नाही. "सौम्य आहे," ते म्हणायचे, "पण बेशिस्त नाही." मग त्यांनी त्यावरही तोड काढली. मासा आधी दोन तास शून्य खटक्यांवर ठेवायचा, कारण कमी आचेला धूर जास्त होतो, आणि नंतर आच वाढवायची. महिना दीड महिना रोज एक मासा करून, सगळ्यांना खायला लावून, त्यांनी हे बसवलं. नातीने शेवटी मासा बघून डोळे झाकायला सुरुवात केली, तेव्हा ते थांबले. आठवड्याचे चार दिवस पुन्हा अंगणातून जेवण येऊ लागलं. मागच्या रस्त्यावरच्या बायका कपडे काढेनाशा झाल्या, डबे मात्र येतच राहिले.

डोळ्यांच्या दवाखान्यात बाबांच्या शेजारी एक शिवणकाम करणारी बाई बसायची. पन्नाशीची, त्याच दुखण्याची. दोन वर्षांत तिने घरची शेगडी पेटवली नव्हती. नवरा सकाळी करून ठेवायचा ते ती गार खायची. बाबांनी डॉक्टरीणबाईंच्या देखत तिला सांगितलं, "शनिवारी घरी या. मी शिकवतो."

सुनेने तिला गाडीतून आणलं. बाई शेगडीपासून चार पावलांवर थांबली. बाबांनी तिला पुढे ओढलं नाही. शेगडी थंड असतानाच त्यांनी तिला तासभर नुसती हाताळायला लावली: झाकणाची कड, मूठ, जाळी, बटण. "कापड बघता ना तुम्ही हाताने? उभा धागा कुठला, आडवा कुठला? तसंच बघा." ती पहिल्यांदा हसली. मग पेटवली. खटके तिनेच मोजले, दोनदा चुकली, दोनदा बंद करून पुन्हा सुरू केली. झाकण उघडल्यावर गरम वाफ तोंडावर आली तशी ती मागे सरली आणि म्हणाली, "मला नाही जमणार."

"वाफ पुढे येते. म्हणून उघडताना बाजूला उभं राहायचं. इकडे या, माझ्या डावीकडे. आता उघडा."

सून पायरीवर बसून होती. तिला उठावंसंही वाटलं नाही. आपण ज्या कामाचा पगार घेतो ते हा माणूस आपल्याहून चांगलं करतो, हे तिला त्या दिवशी कळलं, आणि त्याचं तिला वाईट वाटलं नाही.

अशा पाच शनिवारांनंतर बाई म्हणाली, की आता घरी करून बघते. तिच्या घरची शेगडी साधी गॅसची, तिला खटके नव्हते. पण बाबांनी तिच्या नवऱ्याला बोलावून बटणाभोवती तीन ठिकाणी गोंदाचे थेंब लावायला सांगितले होते, बोटाला लागतील असे. सुनेने तिला सोडलं आणि परत आली तेव्हा बाबा राख काढत होते.

"पोचली?"

"पोचली. उद्या करणार आहे म्हणाली. सकाळीच फोन करू का तिला?"

"सकाळी नको. दुपारी कर."

दुसऱ्या दिवशी दुपारी सुनेने फोन केला. खूप वेळ वाजला. मग त्या बाईने उचलला, बटाटे गॅसवर आहेत, आता बोलायला वेळ नाही, असं घाईघाईने सांगितलं आणि ठेवून दिला.